गाळलेला चौथा प्रश्न

सोमवार, १६ नोव्हेंबर १९८१, पुलगाव

जुनी वही दिवाळीत संपली, म्हणून ही शिवली. सत्तर पानं, निळं कापड, खळ मी स्वतः शिजवलेली. बाजारच्या वहीचा टाका सहा महिन्यांत सुटतो.

आज शाळा उघडली. मिशनच्या या प्राथमिक शाळेत मी अठरा वर्षं कारकून आहे. शिक्षण सातवी पास. बाकी सगळं, म्हणजे इंग्रजी पत्रव्यवहार, टायपिंग, बांधणी, घड्याळ उघडून साफ करणं, हे कोणी शिकवलं नाही, पाहून आणि वाचून आलं. मागच्या वर्षी तपासणीला आलेले साहेब दाखल रजिस्टर चाळून म्हणाले, "लक्ष्मणराव, यात एक खाडाखोड दाखवा, मी चहा पाजतो." चहा त्यांना पाजावा लागला नाही.

नवीन मुख्याध्यापिका आल्या आहेत, सिस्टर लिओनी. वसईकडच्या. मराठी आपल्यापेक्षा सरळ बोलतात. आल्या आल्या त्यांनी चौथीचा धर्म-नीतीचा तास स्वतःकडे घेतला. म्हणाल्या, "या सत्रात आम्ही नाती शिकणार. पण मी शिकवणार नाही. मुलं विचारतील, शोधतील, लिहितील. मोठ्यांनी उत्तर तयार करून द्यायचं नाही."

शिपाई बंडूजी माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मंग पगार पोरायलेच द्या म्हना."

कोकिळा, माझी मुलगी, चौथीतच आहे.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

सिस्टरांनी वर्गात पत्र्याचा डबा ठेवला आहे. मुलं त्यात प्रश्न टाकतात. साफ अक्षरात उतरवायचं काम माझ्याकडे आलं. काही नमुने:

"मामी दुसऱ्या घरून येते, तरी आपली काऊन लागते?"

"आमचे मोठे बाबा पाच वर्षांपासून बोलत नाई. ते अजून मोठे बाबा आहेत का?"

"नातं तुटते म्हणतात तं कुठून तुटते?"

हसू आलं, पण तिसरा प्रश्न उतरवताना मी टाक दौतीत दोनदा बुडवला. सिस्टरांनी नियम घातला आहे की घरी जे कळेल ते दोन माणसांना विचारून पक्कं करायचं. त्याला त्या 'साक्ष' म्हणतात. हे मला पटलं. कोकिळेला मी हेच शिकवत आलो. स्टेशनचं घड्याळ एक सांगतं, आपलं दुसरं, तर तिसरं पाहून ये.

ती खूश आहे. जेवताना म्हणाली, "बाबा, सिस्टर तुमच्यासारख्याच हायेत."

शनिवार, २८ नोव्हेंबर

सिस्टरांनी फळ्यावर बारा प्रश्न लिहिले आणि त्यांची सायक्लोस्टाईल प्रत काढायला कागद माझ्याकडे दिला. स्टेन्सिल मी हातानं कोरतो. टाईपपेक्षा माझं अक्षर सुबक उमटतं. तीनपर्यंत कोरलं. चौथा असा होता:

'तुझा जन्म कुठं झाला? त्या दिवशी घरात कोण कोण होतं? तुला पहिल्यांदा कोणी उचललं?'

लेखणी थांबली.

हे कधी कुठं लिहिलं नाही. आज लिहितो, कारण वही कुलुपात असते. कोकिळा हिंगणघाटला जन्मली. १४ मार्च १९७२. माझी मेहुणी मंदा, म्हणजे माझ्या बायकोची, अनुसयेची, धाकटी बहीण, तिच्या पोटी, सलग तिसरी मुलगी. आमच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि पाळणा नव्हता. बाराव्या दिवशी मंदानं पोर अनुसयेच्या ओटीत घातली. नारळ, खण, तांदूळ, आणि तांदळावर पोर. चार माणसं होती. ठरलं की मंदा मावशी राहील, कोकिळेला कोणी काही सांगणार नाही. मंदानं नऊ वर्षं शब्द पाळला. संक्रांतीला येते, दोन दिवस राहते, पोरीची वेणी घालून देते आणि जाते.

ओटीत घातली म्हणजे आमचीच. त्यामुळे रजिस्टरात वडील म्हणून माझं नाव लिहिलं ते खोटं नाही. खोटा शब्द एकच आहे. जन्मस्थळ: पुलगाव.

मी चौथा प्रश्न गाळला. तीननंतर पाच असं दिसू नये म्हणून पुढचे सगळे क्रमांक बदलले. अकरा प्रश्न झाले. खालची मोकळी जागा दिसू नये म्हणून ओळींमधलं अंतर थोडं वाढवलं. अडतीस प्रती काढल्या, छान निघाल्या.

सिस्टरांनी प्रत पाहिली. "लक्ष्मणराव, बारा होते ना?"

"स्टेन्सिल खाली फाटली, सिस्टर. एक बसेना."

त्यांनी कागद खालपर्यंत पाहिला, मग माझ्याकडे. "बरं," म्हणाल्या.

रविवार, २९ नोव्हेंबर

खबरदारी म्हणून पंचफुलाबाईकडे जाऊन आलो. आमच्या भागातली अर्धी पोरं या सुइणीच्या हातची. तिला म्हटलं, कोकिळा काही विचारायला आली तर तूच बाळंतपण केलं म्हणून सांग.

ती सुपातले खडे वेचत होती. "म्या खोटं नाई बोलत जी. माह्या हातात देवाचं काम हाये."

"मग निदान खरं सांगू नको."

"बोलनारच नाई. झालं?"

तेवढ्यानं काम होईल. आता सगळ्या बाजू बंद झाल्या.

अनुसयेला सांगितलं तर ती म्हणाली, "तिले कळलं तं कळलं. लेकरू काय पळून जाते? एक माय हाये, दोन होतीन."

बायकांना हे सोपं वाटतं. मुलगी उद्या हिंगणघाटला जाते म्हणाली तर कोणत्या तोंडानं अडवायचं? तिच्या सख्ख्या बहिणी तिथं आहेत, आई तिथं आहे. माझ्याकडे काय आहे? एक रजिस्टर.

बुधवार, ९ डिसेंबर

कोकिळेचा शोध जोरात चालला आहे. आज जेवताना तिनं प्रश्न काढला, "आई, आपल्या घरात डावखुरं कोण कोण?"

अनुसया पोळी लाटता लाटता म्हणून गेली, "कोनी नाई व. मंदा हाये तेवढी."

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी भाताचं पातेलं ओढून घेतलं.

कोकिळा जन्माची डावखुरी. पाच वर्षांची असताना तिला उजव्या हातानं लिहायला मीच लावलं. डाव्या हातानं शाई फासली जाते. तीन महिने मेहनत घेतली. आज तिचं अक्षर शाळेत पहिलं आहे.

तिनं वहीत एक ओळ लिहिली आणि वही दप्तरात घातली. मुलांचं असंच असतं, एक प्रश्न विचारला की दुसरीकडे मन जातं.

मंगळवार, ५ जानेवारी १९८२

हिंगणघाटहून कार्ड. अक्षर ताराचंदचं, मंदाला लिहिता येत नाही, तिचा नवरा लिहितो. त्याला सुरतेला काम लागलं आहे. घर रिकामं करून सगळी पंचवीस तारखेला निघणार. आणि पुढं: "कोकिळेचं शाळेचं बोलावणं भेटलं. मंदा संक्रांतीला न येता तेवीसलाच येते म्हणते. दोन दिवस लेकीजवळ राहील अन् पुलगाववरूनच आमच्यासंगं गाडीत बसेल."

बहिणीच्या लेकीला लेकच म्हणतात, त्यात काही नाही. पण मी ते तीनदा वाचलं.

कोणतं बोलावणं? चौकशी केली तेव्हा कळलं. तेवीस जानेवारीला 'नात्यांचा दिवस' आहे, प्रत्येक मुलाला दोन निमंत्रणं मिळाली, आणि कोकिळेनं एक पोस्टानं मंदाला पाठवलं. तिकीट बंडूजीकडून घेतलं.

अकरा प्रश्नांपैकी दहावा आहे: 'तू निवडलेल्या माणसाशी तुझं नातं काय, हे सर्वांसमोर त्यालाच विचार.' मंदा खोटं बोलू शकेल, पण रडू थांबवू शकणार नाही. मी तिला ओळखतो.

लगेच उत्तर टाकलं: "कार्यक्रम रद्द झाला आहे. येण्याची तसदी घेऊ नये." अनुसयेला वाचता येत नाही. शिकवीन शिकवीन म्हणत राहून गेलं. तिला एवढंच सांगितलं की मंदा यंदा संक्रांतीला येत नाही, सामानाची बांधाबांध आहे, सुरतेला जाण्याआधी कळवेल.

"अशी कशी जाईन भेटल्याबिगर?" ती म्हणाली. मी म्हटलं, कामं असतात माणसाला.

गुरुवार, १४ जानेवारी

संक्रांत. कोकिळेनं स्वतःची वेणी स्वतः घातली. वाकडी झाली होती. मी सोडून पुन्हा घालायला बसलो तर म्हणाली, "राहू द्या बाबा, तुमाले येत नाई."

शनिवार, २३ जानेवारी

नात्यांचा दिवस झाला. झालं तसं लिहितो.

वर्गातले बाक भिंतीला लावले. मिलमध्ये कामाला असलेल्या पालकांनी सुताच्या आट्या आणून दिल्या होत्या. प्रत्येक मुलाच्या मनगटाला सुताचं एक टोक, दुसरं त्याच्या माणसाच्या हातात. पाऊण तासात वर्गात जाळं झालं. कोणाला कोणाच्या पलीकडे जाता येईना. बंडूजी चहाचा ट्रे घेऊन दारातच अडकला. "सिस्टर, म्या कोनाचाच नाई, मले जाऊ द्या!" सगळे हसले. एका पोरानं धावत जाऊन त्याच्याही बोटाला सूत बांधलं. मग बंडूजीला ट्रे खाली ठेवून डोळे पुसावे लागले.

न बोलणारे मोठे बाबासुद्धा आले होते. पुतण्यानं विचारलं, "तुमी माहे कोन?" त्या माणसानं सुताचं टोक मुठीत घट्ट धरलं. शेवटपर्यंत सोडलं नाही.

कोकिळेच्या मनगटाला तीन धागे होते. एक अनुसयेकडे, एक माझ्याकडे. तिसऱ्याचं टोक तिनं शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीला बांधलं होतं.

सिस्टरांनी हळूच विचारलं, "कोण यायचं आहे?"

"मावशी. ती येनार होती."

अनुसयेनं माझ्याकडे पाहिलं. मी सुताची गाठ नीट करत होतो.

तिची पाळी आली तेव्हा तिनं दहावा प्रश्न विचारलाच नाही. "माहं मानूस आलं नाई," एवढंच म्हणाली, खुर्चीचा धागा सोडला आणि आपल्या डाव्या हाताला गुंडाळत राहिली, संपेपर्यंत. रडली नाही. मला वाटलं, चला, निभावलं.

घरी आलो तर माझ्या टेबलावर, शाईच्या दौतीला टेकून एक कार्ड. आजच्या टपालाचं. "कार्यक्रम नाही तं नाही. पंचवीसला सोमवारी आमची पॅसेंजर पुलगावला पाच वाजून दहा मिनिटांनी येते. दोन मिनिटं थांबते. कोकिळेले अन् बाईले स्टेशनवर आणजा. तिकडचा पत्ता मी कागदावर लिहून देतो, मंदा तो हातात देईल. तिले फक्त पाहायचं आहे."

पोस्टमन माझ्या टेबलावर ठेवून गेला असावा. कार्ड कोणी वाचलेलं नाही.

सोमवार, २५ जानेवारी

चार वाजता शाळेतून आलो. कोकिळा ओट्यावर बसली होती. धुतलेला शाळेचा फ्रॉक, पायात बूट, वेणीला लाल रिबिनी. उद्याच्या झेंडावंदनाची तयारी करून पाहत असेल. मी सायकल काढली.

"बाबा, कुठं चालले?"

"पोस्टात."

"मी येऊ?"

"कशाला? आत्ता येतो."

ती बरं म्हणाली.

स्टेशनवर का गेलो ते मला सांगता येत नाही. गाडी सतरा मिनिटं उशिरा, पाच सत्तावीसला लागली. मी पार्सलच्या हातगाडीमागे उभा राहिलो. मागून चौथा डबा. मंदा दारातच उभी होती, ताराचंदनं मागून तिचा दंड धरला होता. खिडकीत दोन मोठ्या पोरी. तिनं हिरवं लुगडं नेसलं होतं, अंगावर ठेवणीतलं. डाव्या हातात घडी केलेला कागद आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी, तिळाचे लाडू असावेत. आधी ती पुलाकडे पाहत होती, मग फाटकाकडे, मग पुन्हा पुलाकडे. एक पाय खाली टाकला. ताराचंद ओरडला, "मंदे, गाडी सुटते व!" तिनं पाय वर घेतला.

गाडी दोन नाही, चार मिनिटं थांबली. चार मिनिटं मी तिच्यापासून चाळीस पावलांवर होतो. पुढं जाऊन कागद तरी घेता आला असता.

परत आलो तेव्हा कोकिळा ओट्यावरच होती. बूट काढून बाजूला ठेवलेले.

"गाडी लेट होती काय?" तिनं विचारलं.

"कोणती गाडी?"

"नाई. शिट्टी उशिरा वाजली म्हनून."

शुक्रवार, २९ जानेवारी

चौथीच्या वह्या तपासून ऑफिसात आल्या. शिक्के मारून, क्रमांक घालून कपाटात ठेवायच्या. अडतीसपैकी सतरावी कोकिळेची. माझं काम फक्त शिक्क्याचं होतं.

अकरा उत्तरं उजव्या हातानं लिहिलेली, सुंदर. त्यानंतर एक पान सोडून पुढचं अक्षर दुसरंच होतं. मागे झुकलेलं, जागोजागी शाई फासलेली. तिनं ते डाव्या हातानं लिहिलं होतं. तसंच्या तसं उतरवतो:

"फळ्यावर बारा प्रश्न होते. कागदावर अकरा आले. चौथा नव्हता. बाबा मोजण्यात कधीच चुकत नाहीत. म्हणून मी चौथ्यापासून सुरू केलं.

पंचफुला आजी काहीच बोलली नाही. डोक्यावरून हात फिरवला आणि रडली. साक्ष एक.

आमच्या घरी डावखुरी फक्त मंदा मावशी. साक्ष दोन.

मावशीचं कार्ड पोस्टमनकाकांनी माझ्या हातात दिलं. मी वाचून बाबांच्या दौतीजवळ ठेवलं. आईला सांगितलं नाही, बाबा सांगतील म्हणून. सोमवारी मी तयार होऊन बसले. बाबा सायकल घेऊन गेले. मला वाटलं, गाडी कधी येते ते पाहून परत मला न्यायला येतील.

मला मावशीसोबत जायचं नव्हतं. तिला फक्त सांगायचं होतं की मला माहीत आहे, आणि मी रागावले नाही.

मी बाबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना खोटं सांगावं लागलं असतं. बाबा खोटं बोलत नाहीत."

खाली सिस्टरांनी लाल शाईनं काहीच लिहिलेलं नाही. फक्त तारीख आणि सही.

शिक्का तिरपा बसला.

शनिवार, ३० जानेवारी

सिस्टरांपुढे जाऊन उभा राहिलो. रजिस्टर उघडलं आणि कोकिळेच्या जन्मस्थळावर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, "हे दुरुस्त करायला अर्ज लागेल, प्रतिज्ञापत्र लागेल. होईल. पण लक्ष्मणराव, घरी बोलायच्या आधी तुम्ही माझ्याकडे का आलात?"

अनुसयेला दुपारी सांगितलं. दोन्ही कार्डं वाचून दाखवली, मी टाकलेल्या कार्डासकट. मजकूर पाठ होता. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "हिरवं लुगडं? ते मीच देल्लं होतं, ओटीच्या दिवशी." मग आत गेली. तिची बहीण चार मिनिटं या गावात होती.

सुरतेचा पत्ता आमच्यापैकी कोणाकडे नाही. हिंगणघाटच्या घरमालकालाही माहीत नसावा, तरी बसनं जाऊन विचारून येईन म्हणतो. त्यांच्याकडे आमचा आहे. पण ज्याला येऊ नको म्हटलं, आणि मग ज्याच्यासाठी स्टेशनवर कोणी आलं नाही, ते माणूस पुन्हा कार्ड कशाला टाकेल?

रविवार, ३१ जानेवारी

सकाळी कोकिळा ओट्यावर शुद्धलेखन लिहीत होती. जवळ बसलो.

"कोकिळा, चौथा प्रश्न विचार मले."

तिनं वर पाहिलं. "कोनता?"

"जो मी गाळला. विचार. खरं सांगतो."

तिनं टाक दौतीच्या काठावर निथळला. "आता नाई बाबा," ती म्हणाली. अगदी हळू, जसं आजारी माणसाशी बोलतात. "वही जमा झाली."

"वही नसू दे. तरी विचार."

"तुमी स्टेशनवर गेलते ना?"

"हो."

"मावशी कशी होती?"

मी सांगितलं. मागून चौथा डबा. हिरवं लुगडं. एक पाय खाली टाकला होता. चार मिनिटं. सगळं, एकही गोष्ट न गाळता. ती ऐकत होती, आणि मधेच तिनं टाक उजव्या हातातून डाव्या हातात घेतला आणि लिहू लागली. शाई फासत होती. मी काही म्हटलं नाही.

लाल रिबिनी वेणीतून निघाल्या होत्या. मी म्हटलं, घालू का?

ती म्हणाली, "नको. मावशी आली की घालीन."